बारा तारखीचे किरायदार

नवरा म्हणून, बाप म्हणून, कर्मचारी म्हणून माझ्याविषयी दुमत असू शकतं. पण महिना अर्धवट असताना खोली धरणाऱ्या किंवा सोडणाऱ्या माणसाचा किराया नेमका किती होतो, हे काढण्यात अख्ख्या अमरावती विभागात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो आहे. विभागात जिल्हे पाच. वाशीमकडे कुणी असेल तर त्यानं पुढे यावं.

ही विद्या मला बदल्यांनी दिली. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून परत अमरावती, मधे मूर्तिजापूरची एक डुलकी. बदलीचा हुकूम काढणाऱ्या साहेबांना कॅलेंडरात एक तारीख असते हे कुणी सांगितलेलंच नसतं. हुकूम निघतो नऊ तारखेला, हातात पडतो बाराला आणि त्यात ‘तात्काळ रुजू व्हावे’ असं लिहिलेलं असतं. सरकार स्वतः हलतं तेव्हा मात्र बघा. वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं १ नोव्हेंबर १९५६ला आणि महाराष्ट्रात आलं १ मे १९६०ला. दोन्ही वेळा एक तारीख! जिल्हेच्या जिल्हे हलवताना ज्यांना मुहूर्त कळतो, त्यांना माझं एक कपाट, दोन पलंग आणि कूलर हलवताना कळत नाही.

तर हिशेब. समजा किराया नऊ हजार आणि तुम्ही ऑगस्टच्या बारा तारखेला राहायला गेलात. बारापासून एकतीसपर्यंत वीस दिवस. तीसनं भागून वीसनं गुणलं तर सहा हजार. एकतीसनं भागलं तर ५,८०६ रुपये ४५ पैसे. वर्षाचा किराया एक लाख आठ हजार धरून ३६५नं भागलं तर ५,९१७ रुपये ८१ पैसे. माणूस तोच, खोली तीच, डास तेच, आणि आकडे तीन. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात तर महिना सव्वीस दिवसांचा धरतात. ती पद्धत अजून घरमालकांच्या कानावर गेलेली नाही, आणि माझ्याकडून जाणारही नाही.

यातली कोणतीही एक पद्धत पकडून माणूस चालला तर तक्रार नाही. पण अकोल्यात जठारपेठेकडचे आमचे मालक भागताना तीस धरत आणि दिवस मोजताना एकतीस.

“भाऊ, तीसनं भागलं तर महिना तीसचा झाला. मग एकतीस तारीख फुकट पाहिजे,” मी म्हणालो.

“फुकट कायची? एकतीस तारखीले तुम्ही राह्यले नाही का?”

“राहिलो.”

“पंखा लावला का नाही?”

“लावला.”

“मंग झालं तं!”

फेब्रुवारीत हेच भाऊ अठ्ठावीसनं भागायचे. त्या महिन्यात त्यांना इंग्रजी कॅलेंडर एकदम पटायचं.

मी कायदाही वाचून ठेवला आहे. ‘महिना’ म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना, असं १८९७चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम सांगतो. म्हणजे अधिकमास लागला म्हणून तेरावा किराया मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२चा. त्याचं ११०वं कलम म्हणतं की पट्टा अमुक दिवसापासून सुरू असं लिहिलं असेल, तर मुदत मोजताना तो दिवस सोडून द्यायचा. हे कलम मी पाठ केलं, कारण घरमालक नेहमी दोन्ही टोकांचे दिवस धरतात, आल्या दिवसाचाही आणि गेल्या दिवसाचाही. वावराच्या कुंपणाला खांब किती, हे मोजायचं की दोन खांबांमधली अंतरं किती, एवढाच हा वाद आहे आणि त्यात दर वेळी एक खांब माझ्या माथी बसतो. भाऊंना मी ११०वं कलम वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “यात पाण्याच्या टाकीबद्दल काई लिवलं हाय का?”

गंमत अशी की ज्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २६व्या कलमाखाली मी पावती मागतो, तो १९९९चा कायदा अमलात आला ३१ मार्च २००० रोजी. म्हणजे किरायाचा कायदा स्वतःच एकतीस तारखेला राहायला आला. त्या एका दिवसाचे पैसे त्याच्याकडून कुणी मागितले नसावेत.

अर्ध्या दिवसाचं तर बोलूच नका. अमरावती ते अकोला या महामार्गावर जून २०२२मध्ये सलग पंच्याहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात नाव लागलं. तेहेतीस मिनिटंसुद्धा मोजली! त्याच रस्त्यानं छोट्या हत्तीत सामान घालून सकाळी साडेनऊला मी अकोला सोडलं आणि तो अख्खा दिवस अकोल्यातही माझ्या नावावर लागला, अमरावतीतही. बडनेऱ्याच्या अलीकडे चहा प्यायला थांबलो तेव्हा मी दोन घरांचा किरायदार होतो आणि बसलो होतो टायरवर.

त्यात आमच्या घरी पंचांग. एकदा पितृपक्ष लागायच्या बेतात होता. आई म्हणाली, “पितृपक्षात नव्या घरात पाय ठेवायचा नाही. आजच जाऊन कलश ठेवून ये.” मी किल्ली घेतली, कलश ठेवला, शेजारी नवी केरसुणी आणि मिठाची पुडी ठेवली आणि कुलूप लावून परत आलो. सामान गेलं घटस्थापनेनंतर. मालकांनी किराया लावला कलशाच्या दिवसापासून. “ताबा तवाच घेतला ना तुम्ही?” म्हणजे सबंध पंधरवडाभर त्या घरात कलश, केरसुणी आणि मीठ असे तिघं जण पूर्ण किरायानं राहिले. पाणी वापरलं नाही, रात्री उशिरा आले नाहीत, भिंतीला खिळा ठोकला नाही. असे किरायदार त्या मालकांना पुन्हा मिळणार नाहीत.

इथं मला वऱ्हाडच्या किरायाबद्दल सांगायलाच हवं. घरच्या मंडळींना हा विषय पाठ आहे. मी “निजाम” म्हटलं की मुलगी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

आपलं वऱ्हाडच मुळात किरायानं दिलेलं होतं. १८५३ साली निजामाकडे हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च थकला. फौज त्याच्या पैशावर पोसलेली, हुकूम इंग्रजांचा. थकबाकीपोटी डलहौसीच्या काळात वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे मुलूख कंपनीच्या कारभारात गेले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. १८६०ला नवा करार होऊन धाराशिव आणि रायचूरच्या खोल्या परत दिल्या, पन्नास लाखांचं देणं माफ झालं, पण वऱ्हाडचा दिवाणखाना मात्र सोडला नाही. कापूस पिकवणारा दिवाणखाना कोण सोडतो?

आता किराया काय ठरला होता बघा. वऱ्हाडच्या उत्पन्नातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च वजा करायचा, उरेल ते निजामाला द्यायचं. ज्यानं एकदा तरी घर किरायानं दिलं आहे, त्याला इथंच घाम फुटेल. किरायदारच दुरुस्ती काढणार, किरायदारच बिल लावणार आणि महिनाअखेर ‘या खेपेला काही उरलं नाही हो’ असं सांगणार. निजामाचा दिवाण सालारजंग यानं घर परत मागण्यात वर्षंच्या वर्षं घातली. विलायतेपर्यंत जाऊन आला. किरायदार हलला नाही.

शेवटी १९०२मध्ये कर्झननं व्यवहार पक्का केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे आणि निजामाला वर्षाला ठोक पंचवीस लाख रुपये. कायमचा पट्टा! आम्हाला अकरा महिन्यांच्या वर करार मिळत नाही. पुढे निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा त्याचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा चेष्टेखोरांनी लावला. १९३६मध्ये आणखी एक करार झाला आणि त्यात मालकाची समजूत काढण्यासाठी निजामाच्या नावापुढे ‘हैदराबाद आणि बेरार’ असं लागलं, थोरला मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. म्हणजे दारावर पाटी मालकाची आणि आत पाय पसरून किरायदार. असं घर मी स्वतः शोधतो आहे.

पण माझं कुतूहल वेगळंच आहे. करारावर तारीख आहे ५ नोव्हेंबर १९०२. पाच! एक नाही. आणि इंग्रजांनी घर सोडलं १५ ऑगस्टला, तेही महिन्याच्या मधातच. म्हणजे किरायदार मधातच आला आणि मधातच गेला, माझ्यासारखाच, बदलीवर. एका रात्री वीज गेलेली असताना मी टॉर्च लावून बसलो. वर्षाला पंचवीस लाख म्हणजे महिन्याला २,०८,३३३. ऑगस्टचे चौदा दिवस. तीसनं भागलं तर ९७,२२२ रुपये. एकतीसनं भागलं तर ९४,०८६. फरक एकतीसशे छत्तीस रुपयांचा, आणि तो १९४७च्या भावानं! हैदराबादच्या खजिन्यात आमच्या जठारपेठेच्या भाऊंसारखा एक माणूस असता, तर सत्तांतर पंधरवडाभर लांबलं असतं. हे मी बायकोला उठवून सांगितलं. तिनं डोळे न उघडता विचारलं, “आपल्या डिपॉझिटचं काय झालं?”

तर डिपॉझिट.

मागे अमरावतीला बदली झाली तेव्हा पोरांच्या शाळेपायी बिऱ्हाड अकोल्यातच ठेवलं आणि मी एकटा विद्यापीठाकडच्या भागात एक खोली घेतली. तिकडे घरोघरी माडीवर खोल्या काढल्या आहेत आणि त्यात एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी असं काहीबाही करणारी पोरं राहतात. ऑक्टोबर, तारीख सतरा. मालक तीन हजार म्हणाले. मी म्हणालो, “एकतीसशे घ्या.”

ते दचकले. मागं सरकून त्यांनी मला नीट पाहिलं. त्यांना वाटलं असावं की मी काहीतरी लपवतोय. मी लपवत काहीच नव्हतो. ऑक्टोबरचे दिवस एकतीस, एकतीसशेला एकतीसनं भागलं की रोजचे बरोबर शंभर येतात. सतरा ते एकतीस पंधरा दिवस, पंधराशे रुपये. एक पैसा खाली नाही, एक पैसा वर नाही. इतका देखणा भागाकार मी कधी पाहिला नव्हता आणि त्यासाठी महिन्याला शंभर रुपये जास्त गेले तर गेले. नोव्हेंबर तीस दिवसांचा असतो हे मला त्या क्षणी ठाऊक होतं, पण सौंदर्यापुढे माणूस पुढचा विचार करत नाही.

खोलीत पलंगाच्या उशाशी, भिंतीवर पेन्सिलीनं एक रांग लिहिलेली होती. सगळ्यात वर ५:१० आणि खाली दोन रेघा. त्याखाली तारखा आणि आकडे: ५:५८, ५:४१, ५:४४, ५:२९, ५:२२, ५:२३. सोळाशे मीटर धावण्याची वेळ. अक्षर बारीक, टोक करकरीत केलेल्या पेन्सिलीचं. ५:१९ ला रांग संपली होती.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर एक सडपातळ पोरगा, पायात धावायचे बूट, तळ झिजलेले.

“काका, माही बकेट राह्यली इथं. निळी.”

बकेट होती, मीच वापरत होतो. मी आंघोळीचं पाणी ओतून ती रिकामी करून दिली. बसवलं, पाणी दिलं. दर्यापूरकडचा. घरी सोयाबीन सोंगायला आलं होतं, माणसं मिळत नव्हती आणि बापाची कंबर धरली होती. “सोंगून घेतो, मंग पाहू,” म्हणाला. सोंगल्यावर काय पाहायचं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग मला माझी कला दाखवायची हुक्की आली. मी म्हणालो, “तू सोळा तारखेला सोडली ना? मग तुझे सोळा दिवसांचे किती कापले यांनी?”

“सोळा दिवसांचे? नाही बा. मी तं एकीलेच अख्खा महिना देल्ला होता. वापस मागतले तं म्हने मधातच सोडली तं भेटत नाही. अन् डिपॉझिटातून पाचशे कापले, भितीवर लिवलं म्हनून.”

माझे ते देखणे पंधराशे. त्या पंधरा दिवसांचे पैसे आधीच भरून झालेले होते, खोलीत नसलेल्या पोराकडून. तेच पंधरा दिवस मालकांनी दोनदा विकले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकानं तर वर भाव वाढवून दिला.

मी खाली उतरलो. मालक अंगणात झाडांना पाणी देत होते. मी विचारलं, तर ते म्हणाले, “महिन्याची नोटीस द्या लागते साहेब. त्यानं देल्ली नाही.” महिनोमहिन्याच्या वहिवाटीला कायदा पंधरा दिवसांची नोटीस सांगतो, हे मी सांगितलं. “तो कायदा तुमच्यासाठी हाय. या पोट्ट्यायचं काय, आज हायेत उद्या नाही.” मला राग आला तो या वाक्याचा. मी मधेच आलो तर माझे दिवस सुटे मोजायचे, कारण माझ्याकडे पगाराची स्लिप आहे, कलमं पाठ आहेत, आवाज आहे. तो मधेच गेला तर त्याचा महिना अख्खा. ज्याच्याकडे सगळ्यात कमी त्याच्याकडून पूर्णांक घ्यायचा आणि माझ्याशी अपूर्णांकात सौजन्यानं बोलायचं. असा हिशेब माझ्या वहीत बसत नव्हता.

वर येऊन मी पोराला पंधराशे द्यायला गेलो. त्यानं हात मागे घेतला. “तुमच्याजवळून कायले घेऊ काका? तुम्ही तं त्यायले देल्ले.” हे इतकं बरोबर होतं की मला पुढे बोलता येईना. बकेट घेऊन तो गेला. खाली फाटकाशी त्यानं मालकांना वाकून नमस्कार केला, ते मला आवडलं नाही. पण मला आवडण्याचा तिथं प्रश्न नव्हता.

भिंतीला रंग मी असेपर्यंत लागला नाही. आणि मी खोली सोडली तेव्हा माझ्याही डिपॉझिटमधून त्याच भिंतीचे पाचशे कापले. मी भांडलो नाही, असं मुळीच नाही. इतका भांडलो की शेजारच्या खोल्यांतली पोरं अभ्यास सोडून गॅलरीत आली, आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं, “ते एकतीसशेवाले काका.”

त्यानंतर बिऱ्हाड हलवायचं ठरलं. साईनगरकडे खालचा मजला पाहिला. घरमालकीण काकू, साठीच्या पुढच्या, दारात बसून मेथी निवडत होत्या. घर हवेशीर, नळाला पाणी, किराया माफक. तारीख बारा. मी वही काढली आणि तिन्ही पद्धती समजावून सांगायला सुरुवात केली: तीस, एकतीस, तीनशे पासष्ट. कोणत्या पद्धतीत त्यांचा फायदा, कोणत्या पद्धतीत माझा, सगळं उघड. लपवाछपवी नको म्हणून पैशांपर्यंत. काकू मेथीच्या काड्या मोडत ऐकत होत्या. माझं झालं तेव्हा त्या आमच्या हिच्याकडे पाहून म्हणाल्या,

“असंच करतेत का हे नेहमी?”

“हो,” ही म्हणाली.

“बारा तारखीले आले ना बाप्पा तुम्ही? मंग बारा तारखीले देत जा. बारा ते बारा महिना. त्यात भागाचं काय हाय?”

मी गप्प. वऱ्हाडात बहुतेक घरं याच रीतीनं चालत असणार आणि मला अशी कधी भेटली नाहीत, कारण माझा आवाज ऐकूनच मालक तीसचा पाढा म्हणायला लागत असावेत. तरी माझ्यातला शास्त्रज्ञ लगेच हार मानणारा नव्हता.

“आणि काकू, एखादा एकतीस तारखेला आला तर? फेब्रुवारीत एकतीस येत नाही.”

“एकतीस तारखीले नव्या घरात कोन येते? पगार तं एकीले होते.”

वही मिटायची वेळ आली होती. एवढ्यात काकूंना काहीतरी आठवलं आणि त्यांनी मेथीची परडी बाजूला ठेवली.

“पण कूलरचे पैसे वेगळे हं. पाणी लय लागते त्याले.”

“चालेल. महिन्याचे का?” माझा हात परत पेनकडे गेला. “म्हणजे कूलर एप्रिलच्या वीसला सुरू केला आणि जूनमध्ये मृगाचा पाऊस आला त्या दिवशी बंद केला, तर दोन्ही टोकांचे दिवस धरायचे का? आणि मधे अवकाळी पडून चार दिवस गारवा झाला, तर ते...”

“कूलर कवा लावान तुम्ही?”

“ते काय, उन्हावर आहे.”

“मंग पैसेही उन्हावरच देजा.”

ही हसत सुटली. काकूही हसल्या. मी वहीचं नवं पान उघडून वर ‘ऊन’ असं लिहिलं, आणि ते अमरावतीचं धरायचं की अकोल्याचं, हे विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात हिनं पेन काढून घेतला.